शाफ्टवरच्या रेघा आणि माझी सही

गुळगुळीत म्हणजे चांगलं, हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. भांडायला. फरशी आणि गाल यांच्याबाबतीत तो बरोबर असेल. माझ्या कामात मात्र त्याने गेली सव्वीस वर्षं उच्छाद मांडला आहे.

टाकवे बुद्रुकच्या बाजूला एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. आम्ही गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. शाफ्ट म्हणजे फिरणारा पोलादी दांडा. घरातल्या मिक्सरपासून शेतातल्या पॉवर टिलरपर्यंत सगळीकडे असतो. तयार झालेला दांडा ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते बघायचं आणि सही करायची, हे माझं काम. या अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणताना संपादकबाईंनी 'फार तांत्रिक नको' अशी अट घातली. ती मी पाळणार नाही. तांत्रिक भाग कोणी वाचत नाही म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

उत्तर बरोबर आलं की शाळेत बाई वहीत खूण करतात ना, तशीच एक खूण ड्रॉइंगवर शाफ्टच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागावर टेकवलेली असते. हा पृष्ठभाग कसा हवा, ते ती सांगते. खुणेवर आडवी रेघ असली तर तिथे मशीन चालवून धातू काढायचा. खुणेच्या खोबणीत छोटं वर्तुळ असलं तर तिथे हात लावायचा नाही, भाग जसा आला तसा सोडायचा. शेजारी आकडा असतो. कितीही गुळगुळीत दिसला तरी धातूवर बारीक डोंगरदऱ्या असतातच, आणि त्या सरासरी किती चालतील ते हा आकडा मायक्रॉनमध्ये सांगतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आम्ही एका मायक्रॉनच्या तुकड्यावरून भांडतो. आणि खुणेच्या वरच्या दांडीवर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, कधीकधी लिहिलेलं असतं की हा भाग कोणत्या पद्धतीने करायचा आणि त्यावर रेघा कशा पडलेल्या चालतील.

आकडा सगळे वाचतात. वर्तुळ निम्मे वाचतात. एका नव्या सुपरवायझरने वर्तुळ असलेल्या ओतीव झाकणांचा अख्खा ढीग बाहेरून घासून घेतला होता. ग्राहकाला बरं दिसेल म्हणून. घासलेल्या जागी रंग धरला नाही, पोपडे निघाले, झाकणं परत आली. तेव्हा तो मला म्हणाला, "मॅडम, मी चांगलंच करायला गेलो होतो." हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं तरी माझं डोकं दुखतं.

वरची बारीक अक्षरं मात्र कोणीच वाचत नाही. आमचे जुने फोरमन रमजानभाई वाचायचे. त्यांची पिढी त्रिकोणांवर वाढलेली. जुन्या ड्रॉइंगवर आकड्यांच्या जागी त्रिकोण असत, एक म्हणजे खडबडीत, तीन म्हणजे चांगलाच साफ. रमजानभाई अंगठ्याचं नख शाफ्टवरून ओढायचे आणि आकडा सांगायचे. मग आम्ही मापाच्या यंत्राची सुई त्यावरून चालवायचो. यंत्र सहसा त्यांच्याशी सहमत व्हायचं. ते निवृत्त होऊन कामशेतला घरी बसले आणि कारखान्यातलं एक नख कमी झालं. ती जागा कोणी भरली नाही.

आता ऑडिटबद्दल. ग्राहक कंपन्या वर्षातून एकदा कारखाना तपासायला माणसं पाठवतात. हे ऑडिट वर्षात कधीही होऊ शकतं. आमच्याकडे ते जुलै-ऑगस्टमध्ये होतं, आणि शुक्रवारी. दुपारी दोनपर्यंत कारखाना तपासून होतो, तीनपर्यंत सगळे भुशीच्या धरणावर भिजत असतात. एका ऑडिटरने तर बॅगेतून आधी टॉवेल काढला होता, मग कागद.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑडिटच्या आठवड्यात आमच्या साहेबांनी, म्हणजे प्लांटच्या प्रमुखांनी, टेबलावर मांडायचे शाफ्ट चमकवून घ्यायला सांगितलं. विशेषतः सीलची जागा. शाफ्ट जिथून गिअरबॉक्सच्या बाहेर येतो तिथे रबराची एक कडी त्याला घट्ट मिठी मारून बसते, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून. ती ऑइल सील. तिच्याखालचा शाफ्टचा पट्टा आम्ही ग्राइंडिंग मशीनवर करतो. तिथे दगडी चाक सरळ आत जातं आणि सरळ मागे येतं, आडवं अजिबात सरकत नाही. मशीनवर सुनंदा ओव्हाळ होती. टाकव्याचीच, आयटीआय केलेली, सहा वर्षं कंत्राटावर. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला तिला कायम करायचं ठरलं होतं. तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही.

चमकवण्याची रीत अशी: ग्राइंडिंग झालेला शाफ्ट रिकाम्या लेथवर, म्हणजे दांडा धरून फिरवणाऱ्या मशीनवर, लावायचा, फिरवायचा आणि एमरी पेपर हाताने दाबून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदा ओढायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. सुनंदा माझ्याकडे आली होती. म्हणाली, ताई, ग्राइंडिंगनंतर पुन्ना कशाला घासत्यात? मी सुई चालवून बघितली. आकडा ०.२ ते ०.८च्या आत हवा होता, ०.३ आला. मी तिला सांगितलं, आकड्यात आहे, तू तुझं काम कर.

ऑडिटरने शाफ्ट उचलला, त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि साहेबांना म्हणाला की असे सगळेच का देत नाही. साहेब जागच्या जागी उंच झाले. त्या दिवसापासून प्रत्येक शाफ्ट घासला जाऊ लागला. कोणी मोकळं असेल तो घासायचा. कुठल्याही कागदावर हे काम लिहिलेलं नव्हतं. कागदावर शेवटचं काम ग्राइंडिंग आणि शेवटची सही माझी.

पुढच्या वर्षी चिखलणीच्या दिवसांत तक्रारी आल्या. आमचे शाफ्ट ज्या पॉवर टिलरमध्ये जात होते ते तेल गाळत होते. भाताच्या खाचरात पाण्यावर तेलाचा तवंग. सील बदलली तरी गळती तशीच.

साहेबांनी मीटिंग बोलावली आणि दहा मिनिटांत गुन्हेगार सापडला. शेवटचं काम ग्राइंडिंग, म्हणजे ग्राइंडिंग करणारी. "बायकांना हे मशीन द्यायलाच नको होतं," साहेब म्हणाले, टेबलाच्या या बाजूला मी बसलेली असताना. मी सांगितलं की आकडे सगळे हद्दीत आहेत. ते म्हणाले, आकडे हद्दीत आणि तेल बाहेर, मग तुम्हीच सांगा काय ते. मला सांगता येईना. त्याच संध्याकाळी कंत्राटदाराने सुनंदाला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं. दसऱ्याचं पत्र तर गेलंच, होतं ते कामही गेलं.

मला राग आला तो सगळ्यात आधी माझ्या 'सांगता येईना'चा. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की ड्रॉइंग वाचा.

रविवारी मी सुनंदाकडे गेले. ती घरच्या खाचरात भातलावणी करत होती. बांधावर तिची सासू बसली होती. "आता काय न्यायला आलाय?" एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. सुनंदा रोपांची जुडी हातात घेऊन उभी राहिली, चिखलातून बाहेर काही आली नाही. चाक नीट धारेवर होतं का, कुठे काही बदललं होतं का, असं मी विचारलं.

"माझ्या चाकाचं मला नका इचारू," ती म्हणाली. "घासतं कोण ते इचारा. तुमी त्या यंत्राची सुई लावता. ती खोली सांगती. रेघ कुटं चाललीय ते सांगती का?"

मी म्हटलं, म्हणजे?

"उजेडात धरा. माझ्या रेघा गोल असत्यात, बांगडीवानी. घासल्यावर तिरक्या व्हत्यात, स्क्रूच्या आट्यावानी. मी आल्ते सांगाया. तुमी म्हनला, आकड्यात हाय."

सासूने तेवढ्यात मला विचारलं की मला चहा हवा का. तिच्या आवाजावरून नको म्हणायचं होतं हे कळलं. मी नको म्हटलं आणि तिथून थेट कामशेतला रमजानभाईंकडे गेले.

रमजानभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. ड्रॉइंग काय म्हणतं? मी आकडा सांगितला.

"आकडा सोड," ते म्हणाले. "वर काय लिहिलंय?"

वर काही नाही, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विशीतली शिकाऊ झाले. सीलच्या जागेवर वर काही लिहिलेलं नाही असं ड्रॉइंग त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी उठून शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला आणि एक तपासणी शिकवली. ती इतकी साधी आहे की ती मला माहीत नव्हती याचा मला अजून संताप येतो.

सोमवारी मी आधी कपाट उघडलं. शॉपवर, म्हणजे मशीनच्या जागी, कामगारांसमोर लावलेलं असतं ते शीट, म्हणजे ड्रॉइंगवरून आमच्याकडे उतरवून काढलेली सोपी नक्कल. ग्राहकाने पाठवलेलं मूळ ड्रॉइंग कुलपात असतं. मूळ ड्रॉइंगवर सीलच्या जागेच्या खुणेवर मुंग्यांच्या ओळीत लिहिलं होतं: चाक सरळ आत नेऊनच ग्राइंडिंग करावे, नंतर घासू नये, तिरक्या रेघा चालणार नाहीत. शॉपच्या शीटवर फक्त आकडा होता. शीटच्या कोपऱ्यात 'तयार करणार'पुढे माझी सही होती. आठ वर्षांपूर्वीची.

मी कपाट बंद केलं, जेवायला गेले, पूर्ण डबा खाल्ला, परत आले आणि पुन्हा वाचलं. सही माझीच होती.

मला आठवलंही. इंग्रजी बारीक अक्षरं शॉपवर कोणी वाचत नाही, कागद नुसता भरलेला दिसतो, आणि तसंही आमच्याकडे चाक सरळच जातं, असं म्हणून मी ती गाळली होती. शीट सुटसुटीत केल्याबद्दल मला त्या वर्षी सुधारणेचं बक्षीस मिळालं होतं. थर्मास. मी चांगलंच करायला गेले होते.

त्या दुपारी मी लेथवर एक घासलेला शाफ्ट लावला, अगदी आडवा समतल करून. त्यावर तेलाचं बोट फिरवलं. दोऱ्याचा फास शाफ्टवर टाकला आणि खाली एक छोटा नट बांधून लोंबता सोडला. शाफ्ट सावकाश फिरवला. दोरा जागेवर राहायला हवा. तो निघाला. शांतपणे, डावीकडे, जणू त्याला पत्ता माहीत होता. उलट फिरवला, तर उजवीकडे निघाला. शाफ्टवरच्या तिरक्या रेघा आट्यांसारख्या दोऱ्याला ढकलत होत्या, आणि गिअरबॉक्समध्ये त्याच रेघा तेलाला सीलखालून बाहेर ढकलत होत्या. मिनिटाला शेकडो फेऱ्या, दिवसभर. आमची सुई दांड्याच्या लांबीने चालते, दऱ्या किती खोल ते सांगते. दरी कुठे निघाली आहे ते तिला कळत नाही. मग सुनंदाने केलेला, घासायचा राहून गेलेला शाफ्ट लावला. दोरा एका जागी फिरत राहिला. उलट फिरवला, तरी तिथेच.

साहेबांना मी तिन्ही गोष्टी दाखवल्या: दोरा, मूळ ड्रॉइंग, माझं शीट. ते हुशार आहेत, त्यांना लगेच कळलं. त्यांनी केबिनचं दार लावलं.

"मॅडम, घासायचं मी सांगितलं, असं कुठे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि शीटवर मनाई नाही. शीट तुमचं आहे. हे बाहेर काढलंत तर सगळ्यात आधी तुम्ही जाता. ती बाई कंत्राटावर आहे, तिला चाकणला उद्या काम मिळेल. रिपोर्टमध्ये चाकाची धार खराब लिहू. विषय संपला."

मी विचारलं, आणि चाकणला गेल्यावर ती काय सांगेल, का काढलं?

"ते तिचं तिने बघावं," साहेब म्हणाले, आणि मला पाणी विचारलं.

मी रात्रभर जागले वगैरे नाही. मी झोपले. पण हेही लिहून ठेवते की त्या दिवशी केबिनमधून बाहेर येताना मी त्यांना नाही म्हटलं नाही. बघते, म्हटलं. बघते म्हणून तीन दिवस काढले. त्या तीन दिवसांत सुनंदाच्या मशीनवर दुसऱ्याला बसवलं गेलं, आणि त्याचेही शाफ्ट घासले जात होते. ते पाहिल्यावर माझं बघणं संपलं.

गुरुवारी ग्राहकाचा इंजिनिअर तक्रारीचा निपटारा बघायला आला. तरुण होता, आणि हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं की टॉवेल आणला नव्हता. साहेब त्याला खराब धारेची गोष्ट सांगत असताना मी लेथवर शाफ्ट लावून ठेवला होता. दोन मिनिटं इकडे बघा, मी म्हटलं. साहेबांनी माझं नाव घेतलं, नुसतं नाव. मी दोरा टाकला. दोरा निघाला तेव्हा तो इंजिनिअर खाली वाकला, मग गुडघ्यावर बसला. त्याने स्वतः मशीन उलट फिरवलं. मग न घासलेला शाफ्ट लावायला सांगितला. मी त्याच्यासमोर मूळ ड्रॉइंग ठेवलं, शेजारी माझं शीट, आणि सहीवर बोट ठेवून सांगितलं की ही अक्षरं मी गाळली आहेत. घासायचं काम कधी सुरू झालं असं त्याने विचारलं. तुमच्या कंपनीच्या ऑडिटच्या आठवड्यात, मी सांगितलं. साहेबांनी सुरू केलं, तुमच्या ऑडिटरला आवडलं, मी सही केली. धार खराब नव्हती. ग्राइंडिंग करणारी बाई सांगायला आली होती आणि तिला मी परत पाठवलं.

घासणं त्या दिवशी बंद झालं. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये आहे आणि तिथे असायला हवी. साहेबांच्या फाइलमध्ये काही नाही, कारण त्यांनी तोंडाने सांगितलं होतं. ते आता दुसऱ्या, मोठ्या प्लांटवर आहेत. त्या ऑडिटरने पुढच्या पावसाळ्यात येऊन 'गळतीचं प्रकरण छान हाताळलंत' असा शेरा मारला. मी त्याच्याशी काय बोलले ते संपादकबाई छापणार नाहीत.

सुनंदाला एकोणीस दिवसांनी परत बोलावलं. त्या दसऱ्याला कायमचं पत्र मिळालं नाही. मधे खंड पडला, असं कारण. खंड कोणी पाडला ते विचारायला मी तीनदा वर गेले. पत्र पुढच्या दसऱ्याला मिळालं. तिचं एक वर्ष गेलं, आणि ते माझ्या सहीने गेलं. याला दुसरी कोणतीही बाजू नाही.

परत आली त्या सकाळी ती मशीनकडे न जाता माझ्या टेबलाशी आली. आभार मानायला येतेय असं मला वाटलं, आणि नको म्हणायची मी तयारीही केली होती. मी नवं शीट केलं होतं. सगळी बारीक अक्षरं मराठीत, ठळक. ते तिच्यापुढे धरलं.

"ह्ये न्हाई," ती म्हणाली. "कपाटातलं मूळ काढा."

मी म्हटलं, यात सगळं आलंय, एक अक्षर गाळलेलं नाही.

"तुमी लिवलंय न्हवं? मग मूळ दाखवा."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मला राग आला. पदाने मी वरची, वयाने मोठी, आणि ती सगळ्यांसमोर हे बोलत होती. मी उठले, किल्ली घेतली, कपाट उघडलं.

तेव्हापासून प्रत्येक नव्या कामाला हेच चालतं. राग अजून येतो, दर वेळी. मी मूळ ड्रॉइंग तिच्यासमोर उलगडते. ती एकेका खुणेवर बोट ठेवत जाते, हितं काय लिवलंय, आन् हितं, आणि मी मोठ्याने वाचते. आकडा, वर्तुळ, वरची अक्षरं, सगळं. घाई केली तर ती बोट उचलत नाही. शेवटच्या खुणेपर्यंत वाचून झालं की ती मान हलवते, आणि मगच मशीन सुरू होतं.